तळ्यातलं औषध

आमच्या ओट्याच्या स्लॅबखाली दरवर्षी पाकोळ्या घरटं करतात. तळ्याच्या काठावरून चोचीत चिखल आणायचा, गोळीला गोळी चिकटवायची, आत पिसं घालायची, तीन-चार अंडी द्यायची. मग मादी बसते. बसून राहते. आणि एक दिवस उठून जाते ती परत बसत नाही. अंडी गार. कधीमधी एखादं पिल्लू निघालंच तर दोन दिवसांत खाली फरशीवर पडलेलं सापडतं, मान वाकडी, डोळे न उघडलेले. मी ते सुपलीत घेते आणि उकिरड्यावर टाकून येते. रडण्यासारखं त्यात काही नाही. पण सकाळी दार उघडल्यावर माझी नजर आधी फरशीवर जाते, मग आभाळाकडे.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा असं नव्हतं. घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू होतं, घरटं ओसरीच्या आढ्याला असायचं आणि पिल्लांच्या कलकलाटाने दुपारी डोळा लागत नसे. सासू घरटं पाडू देत नव्हती. आता माझी सून म्हणते, "आत्याबाई, नुसती घाण होते. अंडी तर फुटतच नाहीत. काठी लावून पाडून टाकू का?" मी नको म्हणते. का नको ते तिला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं म्हातारीला पाखरांची माया आहे. मला पाखरांची माया नाही. मला त्यांची भीती वाटते.

मी चौथी शिकले आहे. लिहायला मला वेळ लागतो.

आमचं गाव बुलढाण्याहून धाड गावाला जाणाऱ्या रस्त्यावरून आत आहे. गावाच्या वरच्या अंगाला तळं. तीन उन्हाळ्यांपूर्वी बुलढाण्याच्या कॉलेजातली एक मुलगी गावात आली. ती किड्यांचा अभ्यास करत होती. तळ्याच्या पाण्यावर तिने मच्छरदाणीच्या कापडाचे छोटे छोटे तंबू तरंगत ठेवले. पाण्यातून जे किडे उडून निघतील ते आत अडकायचे आणि दुसऱ्या दिवशी ती ते चिमट्याने उचलून बाटलीत भरायची. पारावरच्या माणसांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"तळ्याले मच्छरदाणी लावली बाप्पा. आता तळ्याले डास चावत नाही."

"चिलटं मोजून राह्यली म्हणते. मोजून झाले की त्यायचे आधार कार्ड काढन."

मुलगी ऐकून हसायची आणि कामाला लागायची. ऊन झालं की आमच्या ओट्यावर बसून डबा खायची. तिथेच तिला वरचं घरटं दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने बांबूला एक लहान आरसा बांधून आणला, घरट्यावर धरला आणि खालून मान वर करून पाहिलं.

"चार अंडी आहेत, आजी."

"असतीन. फुटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फुटत नाही. दरसाल नाही फुटत."

तिने डबा बाजूला ठेवला. किती वर्षांपासून, एकच घरटं की सगळ्या गल्लीत, पिल्लं निघाली तर कशी दिसतात, असं सगळं ती विचारत राहिली आणि वहीत लिहीत राहिली. मी सांगितलं. तेवढं मी खरं सांगितलं.

मादी सोडून गेल्यावर तिने ती अंडी कापसात गुंडाळून डब्यात ठेवली. मी विचारलं, "तू तर चिलटं मोजाले आली होती ना वं? मग पाकोळीच्या मांगं काऊन लागली?"

तेव्हा तिने तळ्यातला मूठभर चिखल पांढऱ्या ताटलीत आणला, पाणी घालून पसरला आणि मला दाखवला. चिखलात लाल दोऱ्यासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हीच अळी पुढे चिलट होते, आजी. ही चिखलात राहते, चिखल खाते. मोठी झाली की पाण्याच्या वर येते, कात टाकते आणि उडते. चिखलात जे असेल ते हिच्या अंगात जातं."

"अन् चिलट पाकोळी खाते," मी म्हणाले. ती बोलायच्या आधी मी बोलले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हो. दिवसभर तेच खाते. म्हणून चिखलात थोडं असलं तरी अळीत जास्त होतं, पाखरात त्याहून जास्त साठतं. मग अंड्यात उतरतं."

"चिखलात काय हाय?"

"ते मला अजून माहीत नाही. काही नसेलही. कदाचित तुमचा स्लॅबच तापत असेल आणि अंडी उकडत असतील."

त्या स्लॅबला मी देवासारखं धरून बसले. दोन उन्हाळे रोज सकाळी शिडी लावून वर ओली पोती टाकली. सून म्हणाली, आत्याबाई, पडाल. खाली ओट्यावर चांगला गारवा आला. आम्हाला दुपारी झोप चांगली लागली. अंडी फुटली नाहीत.

तिच्याजवळ छापील कागद होते. घरोघरी जाऊन तिने एकच प्रश्न विचारला. या तळ्यात कधी विष, रसायन किंवा कारखान्याचं पाणी टाकलं गेलं आहे का? सगळ्या गावाने नाही म्हणून सांगितलं. आमच्याकडे कारखाना नाही. रसायन हा शब्द शाळेतल्या पोरांना माहीत. आणि विष सापाचं असतं.

माझ्या दारात ती आली तेव्हा मी तूर पाखडत होते. तिने विचारलं, "आजी, तळ्यात कधी कोणी विष टाकलं होतं का?"

"नाही वं माय," मी म्हणाले. तिने रकान्यात खूण केली.

आमच्याकडे त्याला औषध म्हणतात. कपाशीवर फवारतात ते औषध. गव्हाच्या कोठीत ठेवतात त्या गोळ्या औषध. ढेकणांवर औषध, म्हशीच्या गोचिडांवर औषध. एखाद्याने ते पिऊन जीव दिला तरी आम्ही म्हणतो, त्याने औषध घेतलं. पूर्वी एक पांढरी पावडर मिळायची, तेही औषधच. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की मी चिमूटभर पावडर तिच्या केसांत चोळून वर फडकं बांधायची. उवा मरायच्या. मी तेव्हा चांगली आई होते असं मला वाटायचं.

तिने विष विचारलं. मी औषध पुरलं होतं. तूर पाखडता पाखडता मी या दोन शब्दांच्या मधल्या फटीत शिरले आणि बसले.

झालं ते असं. बाजाराच्या गावात एका दुकानदाराचं बियाण्याचं आणि औषधांचं दुकान होतं. तो माणूस आता नाही, दुकानही नाही. माझा नवरा त्याच्याकडे हमाली करायचा. मग सरकारने ती पांढरी पावडर बंद केली. दुकानदाराच्या गोदामात जुनी पोती पडून होती, पावसाने भिजून त्यांचे गोटे झाले होते. तो नवऱ्याला म्हणाला, नेऊन कुठंतरी गाडून टाक. उन्हाळा होता. आम्ही दोघांनी भर दुपारी बैलगाडीत पंधरा पोती भरली आणि गावाकडे निघालो. माळावर खणायला गेलो तर मुरूम. टिकाव उसळून परत यायचा. आणि त्या वर्षी तळं आटलेलं होतं. तळाला भेगा पडलेल्या, पण वरचा पापुद्रा काढला की खाली लोण्यासारखा गाळ. बाया धुणं धुतात तो मोठा काळा धोंडा आहे ना, त्याच्या बगलेला आम्ही कमरेएवढा खड्डा केला.

मी म्हटलं होतं, "इथं पाणी येईन ना."

नवरा म्हणाला, "तं येऊ दे. विरघळून जाईन. औषधच तं हाय."

पोती टाकली, गाळ लोटला, घरी येऊन हात धुतले, भाकर खाल्ली. एवढंच. वाईट काम करतो आहोत असं वाटलं नव्हतं. आळशी काम करतो आहोत असं वाटलं होतं. चार दिवस माझ्या केसांना तो वास होता, बंद खोलीत ओलं धान्य सडावं तसा.

पाऊस झाला, तळं भरलं आणि पोळ्याच्या आसपास एका सकाळी सगळे मासे पोट वर करून काठाला लागले. गावाने टोपल्या भरून नेले. फुकटचा माल, हसत-खिदळत चाललं होतं. शेजारीण म्हणाली, "तू काऊन नेत नाही वं?"

मी म्हटलं, "सोमवार हाय."

सोमवार होता हे खरं. पण मी सोमवार धरत नव्हते. त्या दिवसापासून मी सोमवार धरते. लोक म्हणतात, बाई मोठी महादेवाची भक्त आहे.

पुढचे दोन पावसाळे तळ्याकडून बेडकांचा आवाज आला नाही. मी अंथरुणात कान लावून पडायची. नवराही जागा असायचा, मला कळायचं. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, तो मरेपर्यंत नाही. मरताना त्याने बैलांचं विचारलं, विहिरीच्या मोटारीचं विचारलं. तळ्याचं नाही. मग बेडूक परत आले, तळ्यात नवे मासे सोडले तेही जगले, आणि मी स्वतःला सांगितलं की विरघळलं असेल. फक्त ओट्यावरच्या पाकोळ्या काही ऐकत नव्हत्या.

यंदाच्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. गाळ ज्याला हवा त्याने ट्रॅक्टर लावून न्यायचा. माझ्या मुलाचं शेत माळावर आहे, वीतभर खणलं की मुरूम. तो मेथी, वांगी, कोथिंबीर करतो आणि धाडच्या बाजारात नेतो. दगडातून किती निघणार? वर्षानुवर्षं तो या गाळाची वाट पाहत होता. जेवताना म्हणाला, "माय, शेतावर चार बोटं काळी माती पडू दे. मग वांगे पाह्यजो माह्ये."

मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मशीन सांडव्याच्या बाजूने लागलं. मुलाने दोन ट्रॉल्या नेऊन विहिरीजवळच्या पट्ट्यात पसरल्या. दुपारी मी तळ्यावर गेले. पोकलेनच्या मागे बगळे लागलेले होते. बादली उचलली गेली की ते खड्ड्यात उतरायचे आणि ओल्या गाळातून लाल अळ्या टिपायचे, घाईघाईने, एकमेकांना ढकलत. पांढरेशुभ्र बगळे, चोची काळ्या चिखलाने भरलेल्या. मी काठावर उभी राहून ते पाहिलं. मग मशीनपासून काळ्या धोंड्यापर्यंत किती अंतर राहिलं ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते त्याच्याजवळ पोचणार होतं.

उद्या ते औषध चाळीस शेतांत जाणार होतं. माझ्या दोन्ही नाती त्याच शेतात मेथी खुडायला जातात.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी निघाले आणि धोंड्याच्या बगलेला जाऊन खाली बसले. मशीन आलं. चालवणारा दुसरबीडकडचा होता. त्याने आधी भोंगा वाजवला, मग डोकं बाहेर काढलं.

"ओ आजी, सरका बाजूले! हे मशीन हाय, म्हैस नाही वळसा घालून जायले."

"तू चहा पिऊन ये. मी बसली हाय."

ट्रॅक्टरवाले जमले. एक जण म्हणाला, "बुढीले धुणं धुवाचं असन. राहू द्या धोंडा तिच्यासाठी." सगळे हसले. मुलगा पळत आला.

"माय, काय लावलं हे? ऊन लागलं का तुले?"

"इथं औषध पुरलं हाय."

"कोणतं औषध?"

"पावडर. दुकानातली. पंधरा पोते. तुह्या बापानं अन् मी."

हसणं थांबलं नाही, पण विरळ झालं. सरपंच पुढे आले. "काकू, इतक्या वर्षानं आठवलं का तुम्हाले?"

"आठवलं नाही. इसरलीच नव्हती."

मुलगा माझ्याजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "माय, चूप बस. घरी चाल." मग ड्रायव्हरकडे वळून मोठ्याने, "भाऊ, त्या अंगानं घे. हिच्याकडं लक्ष नको देऊ."

मी त्याची आई आहे. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता. म्हणूनच तो चूप बस म्हणत होता.

मी धोंड्याला धरून उठले, दहा पावलं बाजूला झाले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "घाल बादली इथं. नाही निघालं तं गाव म्हणन ते मी ऐकून घेईन."

पहिल्या बादलीत गाळच आला. कोणीतरी शीळ घातली. दुसऱ्या बादलीला कुजलेल्या पोत्याची लक्तरं लटकत आली आणि त्यातून राखाडी पांढरी ढेकळं गाळावर पडली. मग वास आला. पोरांना तो माहीत नव्हता. पण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाने दुपट्टा नाकाला लावला. एक म्हातारा म्हणाला, "हे तं आपली पावडर हाय. गव्हात टाकत होतो आपण." आणि तो मागे मागे सरकत गेला.

ड्रायव्हरने मशीन बंद केलं. एवढ्या शांततेत बगळे उतरले. त्या बादलीवरच उतरले. मी काठावरचे खडे उचलून त्यांना मारायला लागले. एकही लागला नाही, पण मी मारत राहिले. कोणी मला थांबवलं नाही आणि कोणी मदतही केली नाही.

मुलगा तिथेच उभा होता. म्हणाला, "माय, ते एका साली मासे मेले होते, ते याच्यानंच ना?"

"हाव."

"मी खाल्ले होते. काकाच्या घरी. दोनदा घेतले वाढून."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी एवढंच धरून होते की माझ्या चुलीवर ते शिजले नाहीत. पोरगं दुसऱ्याच्या ताटात जेवतं हे मला सुचलंच नाही. तो आज धडधाकट आहे. त्याला काही झालेलं नाही, असं आम्ही म्हणतो.

गाळ काढणं थांबलं. ज्यांना गाळ मिळाला नाही ते माझ्याशी बोलत नाहीत आणि ज्यांनी आधी नेला ते शिव्या देतात. दोघांचंही बरोबर आहे. बुलढाण्याहून माणसं आली, पिशव्यांत माती भरून घेऊन गेली, खड्ड्याभोवती दोर बांधून गेली. अहवाल अजून आलेला नाही. सूनबाईने फोन लावला तेव्हा ती कॉलेजची मुलगीही आली. ओट्यावर बसून तिने सगळं लिहून घेतलं. किती पोती, किती खोल, कोणत्या बाजूने. शेवटी पेन थांबवून म्हणाली, "आजी, मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू विष विचारलं होतं."

ती म्हणाली, "माझीच चूक. मी औषध विचारायला पाहिजे होतं."

"तुही चूक नाही. मले समजलं होतं," मी म्हणाले.

तिने तेही लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

विहिरीजवळच्या पट्ट्यात दोन ट्रॉल्या गाळ पसरलेला आहे. अहवाल येईपर्यंत तिथे काही पेरायचं नाही, कोंबड्या-गुरं जाऊ द्यायची नाहीत, असं ती सांगून गेली. मुलाने भोवती तार लावली. तारेने गुरं थांबतात. साळुंक्या, धोबी पाखरं, बगळे वरून येतात. तो गाळ काळा आहे, मऊ आहे, आणि त्यात किडे आहेत. आजूबाजूच्या मुरमात काय आहे त्यांच्यासाठी?

म्हणून मी दिवसभर तिथे बसते. लहानपणी ज्वारी राखायचे तेव्हाची गोफण अजून हाताला येते. मुलगा दुपारी भाकर आणून देतो. बोलत नाही, पण पाण्याचा तांब्या सावलीत ठेवून जातो. मी खडा लावते, गोफण फिरवते, पाखरं उडतात, बांधावर बसून वाट पाहतात.

दिवस मावळला की मी उठते आणि सकाळी उजाडता उजाडता परत येते. तरी मऊ मातीवर पायांचे ठसे असतातच. तीन बोटं पुढे, एक मागे, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.